परसातले वेलवांगे

गेल्या पितृपक्षात आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. श्राद्धाचा स्वयंपाक चालू असता धाकट्या सुनेने काकडीच्या कोशिंबिरीत एक टोमॅटो चिरून घातला. नव्वदीकडे झुकलेल्या आमच्या आत्याबाईंनी ते पातेले काही न बोलता बाजूला सारले आणि म्हणाल्या, ‘‘अगं, पितरांनी हे कधी तोंडात तरी घातले होते का?’’ सून शिकलेली, शिवाय बोलायला भीड नसलेली. ती म्हणाली, ‘‘आत्याआजी, पितरांच्या पितरांनी मिरची तरी कुठे पाहिली होती?’’ तोड अशी निघाली की ती कोशिंबीर मुलांच्या पंगतीला वाढली गेली, आणि पानावर कारले, भेंडी, गवार व आमसुलाची चटणी एवढेच गेले. मात्र निवृत्त माणसाला वेळ असतो अशी घरात समजूत असल्यामुळे दोन्ही पक्षांनी निवाडा आमच्यावर सोपवला. त्या निमित्ताने जे वाचले, जे आठवले आणि जे मनाला लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुनेचे म्हणणे इतिहासाच्या बाजूने खरे आहे, हे आधीच कबूल करतो. मिरची, बटाटा, रताळे, भुईमूग आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका ही सारी मंडळी अमेरिका खंडातली. म्हणजे एकादशीच्या दिवशी आपण ज्या ताटाला परम सोज्ज्वळ मानतो, त्यातले जवळजवळ सगळे समुद्रापलीकडून आलेले. या सर्वांना आपल्या घरात मान मिळाला, काहींना तर उपासाचे पावित्र्यही. टोमॅटो त्यांच्याच गावचा, आणि मिरची-बटाट्याचा तर सख्खा कुळबंधू, पण तो मात्र उंबऱ्याबाहेर दीर्घकाळ तिष्ठत उभा राहिला. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे, आजच्या पेरू व इक्वादोर देशांतले. त्यांची फळे वाटाण्याहून थोडी मोठी. त्याला माणसाळवून मोठे फळ केले ते मेक्सिकोतल्या लोकांनी. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’ या शब्दावरून स्पॅनिश ‘तोमाते’ आणि पुढे आपला टोमॅटो. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिकोची राजधानी घेतली, आणि त्यानंतर काही दशकांतच हे फळ युरोपात पोचले. १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याचे वर्णन केले, ते एका नव्या जातीचे वांगे म्हणून. तेल, मीठ आणि मिरे घालून वांग्यासारखेच ते शिजवतात, असेही तो सांगतो. दहा वर्षांनंतरच्या आवृत्तीत त्याने त्याला ‘सोन्याचे फळ’ या अर्थाचे नाव दिले, आणि इटालियन भाषेत आजही तेच नाव चालते.

मात्तिओलीचे हे वर्गीकरण वाचताना आम्हांस हसू आले, कारण आमच्या आजी अगदी हेच म्हणत. त्यांच्या तोंडी टोमॅटो हा शब्द कधीच नव्हता. त्या म्हणत ‘वेलवांगे’. बंगाल्यांनी त्याला ‘विलायती बेगुन’ म्हटले. म्हणजे इटलीतला वैद्य, कलकत्त्याचा बाबू आणि इंदूरच्या वाड्यातली म्हातारी, या तिघांना एकमेकांची खबर नसताना तिघांनीही त्याला वांग्याच्याच घरात बसवले. वनस्पतिशास्त्रही तेच सांगते. लिनियसने १७५३ साली वांगे आणि टोमॅटो एकाच प्रजातीत घातले होते. १७६८ मध्ये मिलरने टोमॅटोला वेगळा काढून ‘लायकोपर्सिकॉन’ म्हणजे ‘लांडग्याचा पीच’ असे भीतिदायक नाव दिले, आणि आता जनुकांचा अभ्यास झाल्यावर शास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा वांग्याशेजारी आणून बसवले आहे. आजींचा निवाडा अपिलात कायम झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

अपिलावरून आठवले. टोमॅटो फळ की भाजी, हा वाद १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भाज्यांवर आयात जकात होती, फळांवर नव्हती, म्हणून एका व्यापाऱ्याने टोमॅटो हे फळ असल्याचे सांगून भरलेली जकात परत मागितली. न्यायालयाने सांगितले की वनस्पतिशास्त्रात ते फळ असेल, पण लोक ते जेवणात खातात, जेवणानंतर नव्हे, सबब ती भाजी. सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला असा निकाल फार सुखावतो.

नावांची गंमत आपल्या वसाहतींतूनही दिसते. विदर्भातले आमचे व्याही ‘भेदरे’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘टंबाटी’ ऐकू येते. गोव्यातले स्नेही पोर्तुगीज वळणाने ‘तोमात’ म्हणतात. वडोदऱ्याच्या मावसबहिणीच्या बोलण्यात गुजराती ‘टामेटां’ बेमालूम शिरले आहे, आणि बेळगावचे भाचे त्यास कानडीप्रमाणे फळ मानून ‘हण्णु’ जोडतात. आम्ही इंदूरकर सरळ ‘टमाटर’ म्हणतो आणि पुण्याच्या पाहुण्यांकडून हसे करून घेतो.

भारतात हे फळ पोर्तुगीजांच्या वाटेने आले, पण मिरचीसारखे ते देशभर धावले नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचा प्रसार झाला तो मुख्यतः साहेबांच्या बागांतून. १८२० मध्ये विल्यम केरी यांनी कलकत्त्यास शेती व बागकामाची सभा स्थापिली, आणि परदेशी भाज्यांचे बी मागवून वाटण्याचे काम तिने हाती घेतले. हे केरी म्हणजे ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला तेच. एकाच माणसाला मराठीचे शब्द आणि विलायती भाज्यांचे बी या दोहोंचे वेड असावे, हा योग आम्हांस फार मनोरम वाटतो. पुढे १८८९ ते १८९३ या काळात जॉर्ज वॅट यांचा भारताच्या आर्थिक उत्पन्नांचा मोठा कोश निघाला. त्यात ते नोंदवितात की टोमॅटोची लागवड अजून मुख्यतः युरोपियनांसाठीच होते, एतद्देशीयांना त्याची गोडी नुकती लागू लागली आहे, आणि बंगाली व ब्रह्मी लोक आंबट कालवणात तो घालतात. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत हा पाहुणा ओसरीवरच होता.

आमच्या माळव्यातही त्याची वाट तीच. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदुरास रेसिडेन्सी आली आणि महूस छावणी. जिथे गोरा तिथे त्याची भाजी. १८७० च्या दशकात खंडव्याहून होळकरांची रेल्वे आल्यावर मुंबई-पुण्याचा माल सुलभ झाला. पुण्याच्या पेस्तनजी पोचा यांचे १८८४ पासूनचे बियाण्यांचे दुकान हौशी मंडळींना टपालाने बी पाठवी. साहेबांच्या बागांतले माळी संध्याकाळी शहरातल्या वाड्यांतून काम करीत, आणि त्यांच्या कनवटीतून हे बी परसात उतरले.

उतरले, पण न्हाणीच्या पाटाशी. आमच्या रामबागेतल्या वाड्याच्या परसात विहिरीपासून तुळशीपर्यंतची जागा सोवळ्याची. तिथे अळू, केळ, कढीलिंब, कर्दळ. न्हाणीचे पाणी जिथे जाऊन मुरे त्या टोकाला वेलवांगी. फळाचा रंग रक्तासारखा, चिरले की आत मांसासारखे, म्हणून आजींनी ते चुलीपाशी येऊ दिले नाही. या समजुतीस आम्ही लहानपणी हसत असू. आता वाटते, हसणे बरोबर नव्हते. आजोबा होळकर दरबारच्या हिशेब कचेरीत कारकून होते. देश सोडून चार पिढ्या झालेल्या, भोवती माळवी बोलणाऱ्या शेजाऱ्यांत राहणाऱ्या या बाईला आपण कोण आहोत हे सांगणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे चूल. तिथे काय शिजेल आणि काय शिजणार नाही, यावर तिचे राज्य होते. पुण्यातल्या घरांनी टोमॅटो आमच्या आधी स्वीकारला असेल. त्यांना मराठी राहण्यासाठी काही राखावे लागत नव्हते.

या राज्यात बंड झाले ते आमच्या थोरल्या काकूंचे. त्या देवासच्या. मागच्या पडवीत त्यांनी एक कोळशाची शेगडी मांडली आणि त्या शेगडीवर टोमॅटो शिजू लागला. त्यास कारणही घडले. आमच्याकडे सार होत असे आमसुलाचे, आणि आमसूल येई कोकणातल्या नातलगांकडून, वर्षातून एकदा, कापडी पिशवीतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते येणे अनियमित झाले. चिंच माळव्यात उदंड, पण चिंचेने आजोबांचे सांधे धरत. तेव्हा काकूंनी परसातली पिकली वेलवांगी उकडून, गाळून, जिरे-तुपाची फोडणी देऊन सार केले, आणि ते काय आहे हे न सांगता सासऱ्यांना वाढले. आजोबांनी दुसऱ्यांदा मागितले. घरातली क्रांती अशी वाटीभर असते. आजी मात्र १९७४ साली शेवटच्या दुखण्यात वैद्यांनी सांगितले तेव्हाच ते सार प्याल्या, आणि तेही ‘आमसूल थोडे कमी पडले’ असे म्हणून. त्यांना कळले नव्हते असे नाही.

काकूंची बाग पाहतच आम्ही वाढलो, म्हणून तिच्या रीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो. श्रावण सरता सरता त्या गादीवाफ्यावर बी टाकीत. वाफा वीतभर उंच, कारण आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. चार आठवड्यांनी, पितृपक्षाच्या आगेमागे, ऊन उतरल्यावर रोपे सरीच्या बगलेला लावायची, दोन-दोन फुटांवर, आणि पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरून, म्हणजे गाडलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात. आधाराला तुराट्या. त्या काळी तूर झोडपून झाली की तुराट्यांचे भारे दारावर विकायला येत. पानाच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट त्या चिमटीने खुडीत, नाहीतर झाड नुसते माजते. शेजारी झेंडूची ओळ असे. दसऱ्याच्या तोरणासाठी ती लावलेली, पण फळ पोखरणारी अळी आधी झेंडूवर अंडी घालते आणि टोमॅटो वाचतो, हे आम्हांस पुढे नोकरीत पुस्तकातून कळले.

एके वर्षी फळांच्या बुडाशी काळे चट्टे पडू लागले. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या खऱ्या, पण त्याचबरोबर चुन्याची निवळी झाडांना घातली आणि पाण्याचा दिवस बांधून घेतला. पाणी कधी चार दिवस नाही, कधी एकदम पाटभर, असे झाले की फळाच्या टोकाला चुना पोचत नाही आणि ते काळवंडते, असे शास्त्र सांगते. दोन्ही उपाय त्यांनी केले. गुण कशाचा हे ठरवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

माळव्यात जानेवारीत कधी कधी दंव गोठते. त्यास इथे ‘पाला पडणे’ म्हणतात, आणि आम्हीही मराठी बोलताना तसेच म्हणतो. एकदा पुण्याच्या चुलतभावाला पत्राने कळवले की पाला पडून सारे टमाटर गेले, तर त्याने उलट विचारले की कोणत्या झाडाचा पाला आणि तो वेळीच झाडून का काढला नाही! अशा रात्री काकू संध्याकाळीच वाफ्यांना पाणी देत आणि पहाटे ओल्या काटक्यांचा धूर करीत.

पण त्यांच्या बागेचे खरे बळ होते खतात, आणि तिथे इंदूरचा इतिहास जगाच्या इतिहासाला भिडतो. १९२४ मध्ये आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदुरास वनस्पतिउद्योगाची संशोधनसंस्था उभी केली. दरबारने जमीन दिली, कापूस समितीने पैसा. काम कापसाचे होते, पण जगात गाजले ते खत. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर सुमारे तीस फूट लांब व चौदा फूट रुंद अशा उथळ खड्ड्यांत रचायचे, ओल राखायची, तीनदा उलथायचे, की तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंध नसलेले खत तयार. ही ‘इंदूर पद्धत’ १९३१ साली ग्रंथरूपाने ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केली. त्या ग्रंथावर दोन नावे आहेत, आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनी मुद्दाम जाऊन ते खड्डे पाहिले. हॉवर्ड यांच्या लेखनाने प्रभावित होऊन अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय बागकामाचे मासिक काढले, आणि आज परदेशी मध्यमवर्गीय माणूस घरामागे टोमॅटोसाठी कचरा कुजवतो तो याच परंपरेत. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. वाड मात्र आपल्याच मंडळींना ठाऊक नाहीत. आपल्या संस्थेच्या सभागृहात इतक्या तसबिरी आहेत, एक त्यांची असती तर बिघडले नसते.

आमचे थोरले काका १९४० च्या सुमारास त्याच संस्थेत नोकरीस होते. खड्ड्याची रीत त्यांनी घरी आणली, काकूंनी ती परसाच्या मापाला कापून घेतली. चार फुटांचा खड्डा, घरचा केरकचरा, गोठ्यातले शेण, बंबाची राख. आजींनी यास विरोध केला नाही. शेण आणि राख ही त्यांच्या ओळखीची होती.

आता जे लिहावयाचे ते फारसे सुखाचे नाही. काकूंचे फळ चपटे, कंगोरेदार, देठाशी हिरवी छटा राहिलेले आणि चांगले आंबट असे. दर वर्षी फाल्गुनात त्या उत्तम झाडाची दोन-चार फळे राखीत, गर काचेच्या पेल्यात दोन-तीन दिवस आंबवून बी वेगळे करीत, धुऊन राखेत घोळवून पितळी डबीत ठेवीत. टोमॅटोचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते, त्यामुळे बियाणे पिढ्यान्‌पिढ्या जातिवंत राहते. त्या डबीत चाळीसेक वर्षांचा वंश होता.

आम्ही तेव्हा राज्य शासनाच्या शेतीशी संबंधित खात्यात निमाडात होतो. नव्या संकरित बियाण्यांचा प्रसार हे आमचे काम, आणि ते आम्ही मनापासून करीत असू. दिल्लीच्या संस्थेने मेरठकडील सुधारलेली जात अमेरिकेच्या ‘सू’ जातीशी जुळवून केलेली ‘पुसा रुबी’ तोवर सर्वत्र झाली होती, आणि तिच्यामागून खाजगी संकरित वाण येत होते. १९८९ च्या पावसाळ्यात आम्ही घरी जाताना अशाच एका संकरित वाणाची दोन पाकिटे नेली आणि काकूंना म्हणालो, ‘‘काकू, आता ही डबी ठेवा बाजूला.’’ पुतण्या अधिकारी झालेला. त्यांनी ऐकले. त्या वर्षी फळ असे आले की गल्ली पाहायला आली. गोल, गुळगुळीत, एकसारखे. काकूंनी नेहमीप्रमाणे त्याचे बी धरले. पुढच्या वर्षी कुठे झाड खुजे, कुठे फळ लहान, कुठे रोगट. संकरिताचे बी पुढच्या पिढीत फुटते, हे आम्हांस शिकवलेले होते. सांगायचे राहून गेले, कारण त्या बी धरतील हे आमच्या ध्यानातच आले नाही. आमच्यालेखी बी म्हणजे पाकीट होते. पुन्हा तिसऱ्या वर्षी नवी पाकिटे, मग चौथ्या. जुन्या डबीची आठवण झाली तेव्हा सहा-सात वर्षे उलटली होती. काकूंनी सारी डबी पेरली. एकही रोप उगवले नाही. त्या आम्हांस एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण पुढे त्यांनी टोमॅटोच लावला नाही. न्हाणीच्या पाटाशी त्यानंतर नुसती कर्दळ असे.

२०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की देठाशी हिरवी छटा नसलेले, एकसारखे पिकणारे टोमॅटो निवडत जाताना साखर वाढवणारा एक जनुकच निकामी झालेल्या जाती आपण निवडल्या. म्हणजे जी छटा आम्ही दोष म्हणून काकूंना दाखवली होती, ती चवीची खूण होती. संकरित वाणांनी शेतकऱ्याला पैसा दिला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि नाकारीत नाही. चीनच्या खालोखाल आज सर्वाधिक टोमॅटो भारतात होतो, तो काही परसातल्या वेलवांग्यांच्या जोरावर नव्हे. पण एका हाताने दिले म्हणून दुसऱ्या हाताने काढून घेण्याची गरज नव्हती. डबीही चालली असती, पाकीटही.

काकू २००३ साली गेल्या. २०११ मध्ये वाटणी होऊन वाडा पडला, त्या जागी चार मजली इमारत आहे, आणि विहीर वाहनतळाखाली गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो देशात कित्येक ठिकाणी किलोला दोनशे रुपयांवर गेला तेव्हा सुनेने गॅलरीत चार कुंड्या मांडल्या. खताचे पिंपही आम्ही केले आहे, तिला त्याचे नाव ‘कंपोस्ट बिन’ एवढेच ठाऊक होते. ते इंदूरचे आहे हे सांगितल्यावर ती चकित झाली. फळे येतात, चांगली येतात. आत्याबाई एक तोंडात टाकून म्हणतात, ‘‘पाणी आहे नुसते.’’

निवाड्याचे विचाराल तर तो आम्ही असा दिला की श्राद्धाच्या पानावर टोमॅटो वाढू नये, पण तो परका म्हणून नव्हे; आजींनी तो वाढला नसता म्हणून. सुनेला हे पटलेले दिसत नाही, आणि आत्याबाईंना कारण पसंत नाही.

वाचकांस एक विनंती. ग्वाल्हेर, देवास, धार, उज्जैन, वडोदरा किंवा हैदराबादेच्या जुन्या घरांपैकी कोणाच्या परसात चपटा, कंगोरेदार, देठाशी हिरवा राहणारा, आंबट टोमॅटो अजून होत असेल, तर मंडळाच्या पत्त्यावर चिमूटभर बी कागदाच्या पुडीत घालून पाठवावे. पुडीवर घराचे गाव आणि ते बी घरात कोणाकडून आले एवढे लिहावे. श्रावणाच्या आत पोचल्यास याच वर्षी वाफ्यावर टाकता येईल.